गुपित कोणाचे?



ज्याच्याजवळ एकही गुपित नाही असा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. कोणी गोट्या कुठे लपवल्या ते सांगत नाही, कोणी परीक्षेतले गुण सांगत नाही, तर कोणी आपल्या टोळीचे नाव सांगत नाही. उर्दूत आपण ज्याला 'राज़' म्हणतो, त्यालाच मराठीत 'गुपित' म्हणतात. पण दोन्ही भाषांत एक गमतीचा फरक आहे. उर्दूत राज़ 'खुलतो', म्हणजे दारासारखा उघडतो. मराठीत गुपित 'फुटते', म्हणजे जणू ते मातीचे मडकेच! मराठीत आणखी एक छान शब्द आहे, 'षट्कर्णी'. षट् म्हणजे सहा आणि कर्ण म्हणजे कान. दोन माणसांचे कान चार. तिसरा माणूस आला की झाले सहा. सहा कानांत गेलेली गोष्ट गुपित राहत नाही, असा जुन्या लोकांचा अनुभव.

मी गोवंडीतच लहानाचा मोठा झालो. आमच्या शिवाजी नगर, बैंगनवाडी भागात रस्त्यांना नंबर आहेत. आमच्या रोडवर आम्हा पाच-सहा मुलांची एक टोळी होती आणि टोळीची एक भाषा होती. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' ठेवायचा. 'पाणी'चे व्हायचे 'चणीपा' आणि 'गोवंडी'चे 'चवंडीगो'! ही भाषा आम्हीच शोधून काढली, अशी आमची पक्की समजूत होती. महाराष्ट्रातली कितीतरी मुले पूर्वीपासून ही 'च'ची भाषा बोलत आली आहेत, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्याआधीच माझ्या धाकट्या बहिणीने ती एका दुपारी शिकून घेतली आणि आमचे गुपित अम्मीसमोर फुटले.

घरात गुपितांचा दुसरा एक साठा होता. तो अब्बांचा. अब्बा जरीच्या कारखान्यात कारागीर होते. दिवसभर मान खाली घालून टाके घालायचे, आणि रात्री जेवण झाले की इब्ने सफी यांची एखादी जुनी कादंबरी उघडायची, असा त्यांचा नेम होता. इब्ने सफी (१९२८–१९८०) हे उर्दूतले फार लोकप्रिय लेखक. त्यांच्या 'जासूसी दुनिया' या मालिकेची सुरुवात १९५२ साली अलाहाबादेतून झाली. १९५५ पासून त्यांनी इमरानच्या कथा लिहिल्या. इमरान वरवर अगदी वेडपट दिसतो. प्रत्यक्षात तोच गुप्त खात्याचा प्रमुख 'एक्स-टू' असतो. त्याच्या हाताखालची माणसे फोनवर एक्स-टूचा आवाज ऐकून थरथरतात. पण एक्स-टू म्हणजे आपल्या समोरचा हाच वेडा, हे त्यांना ठाऊक नसते. वाचकाला मात्र ते ठाऊक असते. गुपितांच्या पुस्तकांची सगळी गोडी यातच आहे. जगाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असते. दिवसभर आपल्याला कोणी विचारत नसले, तरी पुस्तक उघडले की आपण 'आतले' होतो. अब्बांना ती पुस्तके का आवडत असतील, हे मला शिक्षक झाल्यावर समजले.

मी बी.एड. करीत होतो तेव्हाची गोष्ट. बैंगनवाडीत रद्दीचे आणि भंगाराचे पुष्कळ व्यवसाय चालतात. मुंबईतल्या मोठमोठ्या इमारतींमधली रद्दी फिरत फिरत इथल्या गोदामांत येते. त्यात वर्तमानपत्रे असतात, पुठ्ठे असतात, आणि कधी कधी चांगली पुस्तकेही असतात. श्रीमंत घरातला मुलगा मोठा झाला की त्याची कपाटभर पुस्तके पोत्यात जातात. अशाच एका पोत्यातून मी किलोच्या भावाने दहा-बारा इंग्रजी पुस्तके आणली. त्यांत कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या काही कादंबऱ्या होत्या. मुखपृष्ठावर उंच दगडी इमारत, लोखंडी फाटक, आणि अंधारात मेणबत्त्या घेऊन उभी असलेली मुले! मोठ्या खासगी शाळांत चालणाऱ्या गुप्त मंडळांच्या या कथा. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची एक परंपराच आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी 'तारे जमीन पर' हा २००७ सालचा चित्रपट पाहिला असेल. त्यातली वसतिगृहाची शाळा पाचगणीला चित्रित झाली आहे. डोंगर, झाडी, मोठे मैदान, शाळेतच राहणारी मुले. अशी शाळा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या कादंबऱ्यांची पार्श्वभूमी ध्यानात येईल. आता त्यांतली एक कथा मी तुम्हाला सांगतो.

रॉबर्ट कॉर्मियर (१९२५–२०००) हे अमेरिकेतले एक पत्रकार आणि लेखक. त्यांचा मुलगा शाळेत होता. शाळेने निधी जमवण्यासाठी मुलांना चॉकलेटे विकायला दिली. त्यांच्या मुलाने ती विकायला नकार दिला. प्रत्यक्षात पुढे काहीच घडले नाही. शाळेने त्याचा नकार मान्य केला. पण वडिलांच्या मनात प्रश्न आला, की काही घडले असते तर? त्या प्रश्नातून 'द चॉकलेट वॉर' ही कादंबरी जन्मली. ती १९७४ साली प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतली 'ट्रिनिटी' ही मुलांची खासगी शाळा आहे. तिथे 'व्हिजिल्स' नावाचे गुप्त मंडळ आहे. शाळेत त्याचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही. पण ते आहे, हे विद्यार्थी जाणतात आणि शिक्षकही जाणतात. आर्ची नावाचा हुशार आणि थंड डोक्याचा मुलगा मंडळातर्फे इतरांना कामे नेमून देतो. तो स्वतः कोणाला मारत नाही. एका भित्र्या मुलाला तो रात्री एका वर्गात पाठवतो आणि बाके, खुर्च्या, फळा अशा सगळ्या वस्तूंचे स्क्रू ढिले करायला लावतो. सकाळी मुले बसायला जातात तेव्हा सारा वर्ग कोसळतो. त्या वर्गाचे शिक्षक त्या धक्क्यातून सावरत नाहीत. मुले हसतात. ज्याने ते काम केले तो मुलगा मात्र हसू शकत नाही.

त्या वर्षी शाळेचे प्रभारी प्रमुख चॉकलेटचे वीस हजार डबे विकत घेतात. आदल्या वर्षीच्या दुप्पट! प्रत्येक विद्यार्थ्याने पन्नास डबे विकायचे. डबे खपावेत म्हणून ते आतून या गुप्त मंडळाचीच मदत मागतात. जेरी नावाचा एक नवा विद्यार्थी आहे. त्याची आई नुकतीच वारली आहे. मंडळ त्याला काम नेमून देते, की दहा दिवस चॉकलेटे विकायला नकार द्यायचा. जेरी तसे करतो. अकराव्या दिवशी त्याने 'होय' म्हणावे अशी सर्वांची अपेक्षा असते. अकराव्या दिवशीही जेरी 'नाही'च म्हणतो. आता हा नकार मंडळाचा नाही, त्याचा स्वतःचा आहे.

इथून कथा बदलते. काही दिवस मुलांना जेरीचे कौतुक वाटते. मग मंडळ ठरवते, की चॉकलेट विकणे हीच खरी शाळेची निष्ठा. पाहता पाहता सगळी शाळा जेरीच्या विरुद्ध जाते. रात्री-अपरात्री त्याच्या घरी फोन वाजतात. त्याच्या कपाटातल्या वस्तू फाडल्या जातात. मग वर्गात तो जणू कोणाला दिसेनासाच होतो. शेवटी मैदानावर सगळ्या शाळेसमोर त्याला एका दांडगटाकडून मार खायला उभे केले जाते आणि मुले आरडाओरडा करीत ते पाहतात. जेरी जिंकत नाही. कादंबरीचा शेवट इतका कडू आहे, की तो बदला असे काही प्रकाशकांनी लेखकाला सांगितले होते. लेखकाने तो बदलला नाही.

अशा कथा श्रीमंतांच्या शाळांवरच का लिहिल्या जातात, असा प्रश्न मला पडला. एक कारण असे, की तशी मंडळे खरोखर होती आणि काही अजूनही आहेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८३२ साली 'स्कल अँड बोन्स' नावाचे मंडळ स्थापन झाले. स्कल म्हणजे कवटी, बोन्स म्हणजे हाडे. दरवर्षी फक्त पंधरा विद्यार्थ्यांची त्यात निवड होते. त्यांच्या बैठका खिडक्या नसल्यासारख्या दिसणाऱ्या एका इमारतीत होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे मुलींना प्रवेश नव्हता. २००४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार, जॉर्ज बुश आणि जॉन केरी, याच मंडळाचे जुने सदस्य होते! म्हणजे शाळा-कॉलेजात जुळलेली ओळख पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. बाहेरच्या माणसाने कितीही अभ्यास केला तरी ते दार त्याला सहसा दिसतच नाही. कवटी, मेणबत्त्या, शपथ हा केवळ देखावा आहे. खरे गुपित इतकेच, की आम्ही एकमेकांना पुढे नेऊ, इतरांना नाही.

नव्या लेखिकांनी हे नेमके ओळखले. ई. लॉकहार्ट यांच्या २००८ सालच्या कादंबरीत फ्रँकी नावाची मुलगी आहे. तिच्या निवासी शाळेत केवळ मुलांचे एक गुप्त मंडळ आहे. तिचे वडीलही एके काळी त्यात होते. मुलगी म्हणून तिला प्रवेश नाही. फ्रँकी मग लपून त्या मंडळाची सगळी माहिती काढते, त्याच्या म्होरक्याच्या नावाने स्वतःच संदेश पाठवू लागते, आणि सगळ्या मुलांना आपल्या योजनांप्रमाणे नाचवते. तिची हुशारी पाहून हसू येते. पण हे सारे उघडकीला आल्यावरही कोणी तिला 'तू आमच्यातली' असे म्हणत नाही, तेव्हा वाईट वाटते.

दुसरी कादंबरी 'एस ऑफ स्पेड्स', म्हणजे इस्पिकचा एक्का. ती २०२१ साली आली. तिची लेखिका फरिदा आबिके-इयिमिडे ही नायजेरियन वंशाची इंग्लंडमधली तरुणी आहे. एका श्रीमंत शाळेत दोनच कृष्णवर्णीय विद्यार्थी आहेत. एक मुलगी, शाळेत पहिली येणारी. आणि एक मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, गरीब वस्तीतून येणारा. कोणीतरी निनावी संदेश पाठवून त्या दोघांची गुपिते शाळेभर पसरवते. आधी वाटते, की एखाद्या खोडकर मुलाचे हे काम असेल. हळूहळू कळते, की हे एकट्यादुकट्याचे काम नाही. अशा मुलांनी पुढे जाऊच नये म्हणून बरीच माणसे मिळून हे करीत आहेत. गरीब वस्तीतून येणाऱ्या त्या मुलाबद्दल मी वाचत होतो, तेव्हा खिडकीतून गोवंडीच्या गल्लीचा गलका ऐकू येत होता. तो मुलगा मला परका वाटला नाही.

आपल्या मराठीतही शाळकरी मुलांच्या साहसकथा पुष्कळ आहेत. पण त्यांची वाट निराळी आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी मुलांसाठी आयुष्यभर लिहिले. 'बालमित्र' नावाचे मासिक चालवले. त्यांचा सर्वांत लाडका नायक म्हणजे बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा हा मुलगा. अंगाने किडकिडीत, पण सायकलवर बसला की वाऱ्याशी शर्यत! नवल वाटले की तोंडाने 'टॉक्' असा आवाज काढायचा. तो पुण्याला विद्याभवन शाळेत शिकतो. १९८७ साली त्याच्यावर दूरदर्शनवर मालिका आली आणि २०१७ साली चित्रपटही आला. त्या चित्रपटात बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला मोठा गैरव्यवहार उजेडात आणतो.

तुम्हाला फुरसुंगीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. पुणे शहराचा कचरा पुढे त्याच फुरसुंगी आणि उरुळी देवाची गावांच्या हद्दीत टाकला जाऊ लागला. तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. आपल्या देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून मुंबईचा कचरा येत आला. म्हणजे मराठीतला सर्वांत चपळ बालनायक ज्या गावचा, त्या गावाचे आणि आपल्या वस्तीचे दुःख एकच! 'तुम्ही कचऱ्याजवळ राहता' असे कोणी हिणवले, तर त्याला सांगा, 'फास्टर फेणेचे गावही तसेच आहे.'

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. फास्टर फेणे गुपिते जमवत नाही, तो ती उघड करतो. चोर, लबाड, कारस्थानी माणसे दार बंद करून काहीतरी शिजवत असतात आणि हा पोऱ्या ते दार उघडतो. त्याच्या दोस्तीत शिरायला शपथ लागत नाही, परीक्षा लागत नाही. सायकलवर मागे जागा असली की पुरे! अमेरिकेतल्या त्या कादंबऱ्या वाचकाला विचारतात, 'आत यायला तू काय देशील?' आपला फेणे विचारतो, 'आत चालले आहे तरी काय?' मुलांनो, दुसरा प्रश्न विचारायला अधिक धैर्य लागते.

हे सगळे पुस्तकातले झाले. आता वर्गातले सांगतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी मोकळ्या तासांना 'द चॉकलेट वॉर'ची कथा सोप्या मराठीत सांगितली. तीन तास लागले. मुले अगदी शांत बसून ऐकत होती. कथा संपल्यावर मी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'जेरी शूर की मूर्ख?' वर्गात दोन तट पडले. काही मुले म्हणाली, 'शूर. एकटा उभा राहिला.' काही म्हणाली, 'मूर्ख, सर. पन्नास डबे विकले असते तर मार तरी वाचला असता.' बराच वेळ वाद चालला. मग मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी मराठी बोलायला लाजते. ती अडखळत म्हणाली, "सर, शाळेत तर शेकडो मुले होती. मंडळात थोडीच होती. मग बाकीची काय करीत होती?"

वर्ग गप्प झाला. मीही क्षणभर गप्प झालो. ती कादंबरी मी दोन वेळा वाचली होती. पण इतका साधा आणि इतका खरा प्रश्न मला सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच वर्गातला एक मुलगा माझ्याकडे आला. आधी वहीची पाने उलटत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, आपल्या शाळेतही एक तसे मंडळ आहे." नववी-दहावीच्या सात-आठ मुलांनी एक टोळी केली होती. टोळीला नाव होते, हाताची खूण होती. आत येण्यासाठी एक अट होती. ती अट रेल्वेच्या रुळांवरची होती. ती मी इथे लिहीत नाही, कारण काही गोष्टी लिहिल्यानेसुद्धा पसरतात. इतकेच सांगतो, की हार्बर मार्गावरची लोकल माणसासाठी थांबू शकत नाही, आणि गोवंडीत ज्या घरांनी रुळांवर माणूस गमावला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. त्या मुलाने अट ऐकली आणि 'मी येणार नाही' असे सांगितले. तेव्हापासून त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. क्रिकेटमध्ये घेत नव्हते. 'डरपोक' हे त्याचे नवे नाव झाले होते.

मी त्याला विचारले, "बेटा, हे तू आधी का सांगितले नाहीस?"

तो म्हणाला, "सर, सांगितले तर चुगलखोर म्हणतील. डरपोक तर म्हणतातच."

मुलांनो, या वाक्यावर जरा थांबा. चुगली म्हणजे काय आणि सांगणे म्हणजे काय? दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून बोलणे ही चुगली. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून बोलणे, हे कर्तव्य. दोन्हींत तोंडच उघडावे लागते, पण दोन्हींतले अंतर जमीन-अस्मानाचे आहे.

मुख्याध्यापकांनी त्या सगळ्या मुलांच्या पालकांना बोलावले. ओरडा झाला, रडारड झाली, आणि रुळांवरचा तो खेळ बंद झाला. तरीही सगळे लगेच गोड झाले असे नाही. तो मुलगा आणखी काही दिवस आपल्या बाकावर एकटाच बसत होता. शिक्षकाला हे बंद करता येत नाही. कोणाशी बोला असा हुकूम देता येतो, पण दोस्तीचा हुकूम देता येत नाही. मग एका सकाळी मी हजेरी घेत होतो. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने आपले दप्तर उचलले, मागे गेला, आणि त्या मुलाशेजारी बसला. तो टोळीतला नव्हता. टोळीच्या विरुद्ध त्याने कधी एक शब्दही काढला नव्हता. 'बाकीच्यां'पैकी तो एक होता. पुढच्या आठवड्यात त्या बाकावर तीन मुले झाली. टोळीतल्या एका मुलाने मात्र वर्ष संपेपर्यंत त्याच्याशी बोलणे टाकले होते, हेही खरेच सांगायला हवे.

त्या दप्तराने मला मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. गुप्त मंडळाची ताकद आतल्या दहा जणांत नसते. ती बाहेरच्या शेकडो जणांच्या गप्प बसण्यात असते. ट्रिनिटी शाळेत एका मुलाने जरी आपले दप्तर उचलून जेरीशेजारी नेऊन ठेवले असते, तरी ती कादंबरी त्या मैदानापर्यंत पोहोचली नसती.

आता कोणी विचारील, 'सर, मग गुपित ठेवणे वाईटच का?' नाही. आपल्याच मुंबईतले उदाहरण घ्या. १९४२ साली 'चले जाव' आंदोलन सुरू झाले. पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने साथीदारांच्या मदतीने गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्यांना सतत जागा बदलावी लागे. जवळजवळ तीन महिने हे केंद्र चालले. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी त्यांना पकडले आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. तेही गुप्त मंडळच होते. पण त्यांनी दार बंद केले ते कशासाठी? आतला आवाज साऱ्या देशाला ऐकू जावा म्हणून! त्यांनी स्वतः धोका पत्करला, दुसऱ्याला धोक्यात ढकलले नाही.

म्हणून तुमच्यासमोर कोणी गुपित ठेवले, की मनाशी विचारा, हे गुपित कोणाला वाचवते? ते दुबळ्याला बलवानापासून वाचवीत असेल, तर जिवापाड जपा. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले घरचे दुःख जपा. मित्राची फी भरायची राहिली आहे, हे जपा. पण ते गुपित बलवानाला प्रश्नांपासून वाचवीत असेल, तर ते जपणे ही वफादारी नव्हे. कोणी मोठा माणूस त्रास देतो आणि वर 'कोणाला सांगू नकोस' असे बजावतो, तर ते गुपित त्याचे आहे, तुमचे नाही. ते तुम्ही का वाहावे?

असे ओझे उतरवण्यासाठी आई-वडील आहेत, शिक्षक आहेत. आणि त्यांनाही सांगता येत नसेल तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. संकटातल्या मुलांसाठी तो विनामूल्य चालतो. 'दस, नौ, आठ' असा तो पाठ करायला सोपा आहे. ही सेवा कुठून सुरू झाली, ठाऊक आहे? आपल्या शेजारच्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९६ साली ती मुंबईत सुरू केली आणि मग ती देशभर गेली.

दगडी इमारतींच्या, मेणबत्त्यांच्या, शपथांच्या कादंबऱ्या तुम्ही जरूर वाचा. उर्दूत मिळाल्या तर उर्दूत, मराठीत मिळाल्या तर मराठीत, इंग्रजी जमू लागले की इंग्रजीत वाचा. त्या मजेच्या असतात, रात्रीची झोप उडवतात. फक्त वाचताना नायकाकडे जितके पाहाल, तितकेच मागच्या बाकांवर गप्प बसलेल्या मुलांकडेही पाहा. लेखक त्यांना बहुधा नावे देत नाही. पण कथा कोणत्या बाजूला वळणार, हे पुष्कळदा त्यांच्याच हाती असते.

स्वाध्याय

१. 'राज़ खुलणे' आणि 'गुपित फुटणे' यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. अकराव्या दिवशी जेरीने दिलेला नकार पहिल्या दहा दिवसांच्या नकारापेक्षा वेगळा का आहे?
३. फुरसुंगी आणि गोवंडी यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?
४. 'चुगली' आणि 'सांगणे' यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : षट्कर्णी होणे, उजेडात आणणे, सुगावा लागणे, दार बंद करणे.
६. 'सर, मग बाकीची काय करीत होती?' या प्रश्नावर दहा ओळी लिहा.